खिडकीजवळची तिरपी जागा

दालन क्रमांक चारमध्ये त्या दिवशी सहा पाहुणे येऊन गेले, आणि सहाही जणांनी खिडकीजवळच्या एका जागेला वळसा घातला. तिथे काहीच नव्हतं. टेबल नाही, कुंडी नाही, खुर्ची नाही. गुळगुळीत फरशी होती आणि तिच्यावर नागपूरच्या मिहानमधलं पांढरं ऊन पडलं होतं.

फिरोज काझीने सहाही पाहुण्यांच्या चालण्याच्या रेषा भिंतीवरच्या पडद्यावर एकमेकींवर ठेवल्या. त्या नदीतल्या खडकाभोवतीच्या पाण्यासारख्या फाटत होत्या आणि पुढे परत जुळत होत्या.

"मॅडम, मला एक सांगा," तो म्हणाला. "भिंतीचा रंग मी ठरवतो, टेबलं मी लावतो. माझ्या टेबलांना हे लोक खुशाल धडकतात. मग हवेला कशाला वळसा?"

डॉ. ऋजुता पिंपळापुरे पडद्याजवळ आली. 'आगामी वास्तू' ही कंपनी नागपुरात कार्यालयांचे मनोरे बांधत होती, आणि मनोरा पुरा होण्याआधीच त्यातल्या जागा भाड्याने द्यायच्या असल्यामुळे तिने नमुना दालनं उभारली होती. दालनं कशी दिसतील ते वास्तुरचनाकार ठरवत. ती कशी वाटतील ते ऋजुता ठरवत असे. ती मेंदूविज्ञानातली होती. फिरोज वास्तुरचनाकारांपैकी होता, त्याला येऊन तीनच महिने झाले होते.

"तुझ्या घरी वीज गेली तर अंधारात माठापर्यंत जातोस ना?" तिने विचारलं.

"जातो."

"कशाला धडकतोस?"

"बहिणीच्या चपलांना. बाकी कशाला नाही."

"कारण मेंदूत स्थानपेशी असतात. एक पेशी दाराशी जागी होते, दुसरी खिडकीशी, तिसरी माठाशी. वर्षभर एका जागेत वावरलं की या पेशींचा मिळून पक्का नकाशा तयार होतो. ती जागा सुटली तरी नकाशा राहतो. गावाची, घराची ओढ म्हणतो ना आपण, ती हीच. नकाशा आहे आणि पाय तिथे नाहीत."

"आणि आपण काय करतो?"

"उलटं. जिथे माणूस कधी राहिलाच नाही, तिथला राहिल्यासारखा नकाशा चाळीस मिनिटांत उमटवतो. पाहुण्याच्या डोक्यावर शिरपट्टी असते. दालन त्याचा नकाशा वाचतं, आपल्याजवळच्या संदर्भनकाशाशी ताडून बघतं, आणि दोन्ही जुळेपर्यंत उजेड, वास, आवाज, पायाखालचा मऊपणा बारीक बारीक बदलत राहतं. त्याला कळतही नाही. बाहेर पडताना त्याला या ऑफिसची कल्पना करावी लागत नाही. त्याला ते आठवतं."

"म्हणजे वळसा त्या संदर्भनकाशातून आला."

"त्यातूनच येऊ शकतो."

"तो कुणाचा आहे?"

"दहा स्वयंसेवकांची सरासरी. त्यांना आपापलं ऑफिस आठवायला सांगितलं होतं."

फिरोजने मान हलवली. "मॅडम, दहा जणांच्या टेबलांची सरासरी काढली तर धुकं मिळेल. हे धुकं नाही. हा आयत आहे, त्याला कडा आहेत. आणि तो भिंतीला धरून नाही, चौदा अंश तिरपा आहे. सरासरी कधी तिरपी असते का? आणि सगळे याच बाजूला, डावीकडे थांबतात. पाच-सात सेकंद. थोडे वाकतातसुद्धा. दाणी सरांना हे सगळं फार आवडलंय. माहितीपत्रकात त्यांनी याला नाव दिलंय, श्वासजागा."

ऋजुताने चपला काढल्या. टाचेला अंगठा जुळवत ती त्या मोकळ्या जागेच्या कडेने चालत गेली. तिच्या वडिलांनी, भूमी अभिलेख खात्यातल्या भूमापकाने, तिला पाचव्या वर्षी असं मोजायला शिकवलं होतं. तिचं पाऊल साडेनऊ इंचांचं होतं. लांबी साडेसहा फूट भरली. रुंदी तीन. तिने परत मोजलं. रुंदी तीनच होती.

"काय झालं?" फिरोजने विचारलं.

"या दालनाचा संदर्भनकाशा कोणत्या शिरपट्टीवरून घेतलाय, ते काढ."

नोंद निघायला दोन मिनिटं लागली. फिरोज वाचून दाखवणार होता, मग त्याने नुसताच हातातला पडदा तिच्याकडे वळवला. शिरपट्टी क्रमांक सात. ती ऋजुताची होती.

*

बाबांचा पलंग भिंतीला लावलेला नव्हता. चौदा महिने ते त्यावर होते. रुग्णालयातल्यासारखा लोखंडी पलंग, भाड्याने आणलेला, साडेसहा बाय तीन. पुढच्या खोलीतला जुना सागवानी दिवाण मागे नेऊन त्याच्या जागी तो मांडला, तेव्हा माणसांनी तो सरळ भिंतीला टेकवला होता. बाबांनी तो तिरपा करायला लावला. त्यांना उशीवरून खिडकीतलं गेटही दिसायला हवं होतं आणि स्वयंपाकघराचं दारही. दोन खुणा दिसल्या की आपण कुठे आहोत ते कळतं, असं ते म्हणाले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या शेतांच्या हद्दी अशाच काढून दिल्या होत्या.

डाव्या बाजूला ऋजुताचं स्टूल असे. ती वाकून त्यांना पाणी पाजत असे.

ते माघात गेले. तिसऱ्या दिवशी दुकानाची गाडी येऊन पलंग घेऊन गेली. त्या जागी दहा दिवस दिवा होता, म्हणून सगळे बाजूने जात. अकराव्या दिवशी दिवा उचलला, पण पाय बाजूनेच जात राहिले. चौदाव्या दिवशी ऋजुता कामावर गेली.

या सगळ्या काळात तिच्या डोक्यावर शिरपट्टी होती. नवी पट्टी घामाने बिघडते का, झोपेत टोचते का, हे पाहायला कुणीतरी ती सतत घालायला हवी होती, आणि दुसऱ्याला त्रास कशाला द्यायचा म्हणून तिने स्वतःच घातली. टिकाऊपणाची चाचणी, असं नोंदीत होतं. पट्टी टिकाऊ निघाली होती. पुढेही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी ती तासभर वाचन देत होती, यंत्र जुळवून घ्यायला म्हणून.

नोंद निघाली त्या संध्याकाळी ती घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघरातून चहा घेऊन निघाली, खोलीच्या मध्यापर्यंत आली, डावीकडे वळली, तीन पावलं गेली, उजवीकडे वळली आणि मग तिने कप टेबलावर ठेवला.

"असं काय बघून राहिलीस?"

"काही नाही."

"दिवाण मागच्या खोलीत पडून आहे. आल्यागेल्याला बसायला जागा नाही. आठ महिने झाले, ऋजू."

"आणू."

"रोज आणू म्हणतेस आणि रोज वळसा घालून जातेस."

"तूही घालतेस."

"मी माझ्या पायांचं पाहते. तू तुझ्या पायांचं पाहा," आई म्हणाली आणि परत जाताना तसाच वळसा घालून गेली.

*

कंपनीचे संस्थापक श्रीरंग दाणी हळू आवाजात बोलणारे, सगळ्यांना वाढदिवसाला पुस्तकं देणारे गृहस्थ होते. ऋजुताने त्यांच्या टेबलावर नोंदीचा कागद ठेवला. त्यांनी तो वाचून परत सरकवला.

"बसा ना."

"हा नकाशा माझा आहे, सर."

"आपला आहे. पट्टी कंपनीची, वाचन कंपनीचं. करारात—"

"करार मी वाचलाय. मी पट्टी टोचते का ते बघायला घरी नेली होती."

"आणि ते बघताना दुसरंच काही हाती लागलं. तुमच्या क्षेत्रात असं होतंच की." त्यांनी चष्मा काढला. "ऋजुता, तुमच्या वडिलांचं त्यात काहीही नाही. चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही. मी स्वतः खात्री करून घेतली. फक्त एक जागा आहे आणि तिथे नसलेल्या एका वस्तूची ओढ आहे."

"वस्तूची."

"शब्दात नका अडकू. आधीच्या संदर्भनकाशाने शंभरातले अठरा जण जागा घ्यायचे. लोक आपल्या ऑफिसवर प्रेम करत नाहीत हो, त्या दहा स्वयंसेवकांनी काय आठवलं असेल? तुमच्या संदर्भाने शंभरातले एकाहत्तर घेतात. ज्याला आपलं काही हरवलंय असं वाटतं, तो ते मिळवायला येतोच. मला वाटलं होतं, कळेल तेव्हा तुम्हाला अभिमान वाटेल."

ऋजुताचा आवाज चढला नाही.

"माझ्या घरी माणूस गेला, सर. शेजारपाजारच्यांनी चार दिवस जेवण आणून दिलं. मामा दहाव्यापर्यंत थांबले. बाबांची आठवण काढायला लोक आले, रडले, हसलेसुद्धा. दुःखाला एवढं सगळं लागतं, तेव्हा कुठे ते अंगावर वागवता येतं. त्या दालनातून गेलेल्या तीनशे बारा माणसांना तुम्ही सुतक दिलंत, आणि गेलं कोण ते सांगितलं नाहीत."

"सुतक हा फार मोठा शब्द झाला."

"गेडामांना विचारा."

लीलाधर गेडाम औषधांच्या वेष्टनांवरचा मजकूर बारा भाषांत करून देणारी चाळीस माणसांची कंपनी चालवत. मनोऱ्याचे खालचे दहा मजले श्रावणात भाडेकरूंच्या ताब्यात गेले, तेव्हा पाचव्या मजल्यावर सगळ्यात आधी त्यांनीच ऑफिस थाटलं होतं. गेल्या आठवडाभरात तीन वेळा त्यांनी ऋजुताला फोन केला होता. दरवेळी तक्रार करायला म्हणून करत आणि तक्रार कसली ते त्यांना सांगता येत नसे. "जागा छानच आहे, मॅडम. एसी चालतो, लिफ्ट चालते. पण मी दुपारी डबा उघडतो अन् घास जात नाही. असं वाटते, कुणाला तरी विचारायचं राहिलं, जेवलात का म्हणून. कुणाला विचारू, सांगा. माझे मायबाप गावी मस्त आहेत."

दाणींनी हे ऐकून घेतलं. "त्यांनी जागा सोडली का? नाही ना? मग," ते म्हणाले. "सोमवारी हा संदर्भनकाशा अकरा शहरांतल्या दालनांना जातोय. तुम्हीच शिकवलंत की मेंदूतला नकाशा महिन्या-महिन्याला सरकतो, म्हणून त्याच माणसाचं ताजं वाचन लागतं. रविवारी एक तास द्या. तुमच्या घरी येतो, तिथे जास्त स्पष्ट मिळेल."

"आणि नाही दिलं तर?"

"तर दुसरं कुणी देईल. दुःखी माणसं काय कमी आहेत? कुठल्याही रुग्णालयाबाहेर विचारलं तरी मिळतील. मानधन देऊ. ती माणसं तुमच्यापेक्षा गरजू असतील, त्यांना नाही म्हणता येणार नाही. मला स्वतःला ते आवडणार नाही."

ऋजुता उठली. "दोन मिनिटं दालनात येता?"

दालन चार रिकामं होतं. तिने खिडकीजवळच्या जागेकडे बोट दाखवलं. "त्या तिथे मधोमध उभे राहा."

दाणी हसले आणि निघाले. चार पावलं सरळ गेले, मग डावीकडे वळले आणि खिडकीशी पोचले. त्यांनी मागे वळून बघितलं. परत निघाले, तसेच वळले. तिसऱ्या वेळी ते कडेशी थांबले. त्यांचा उजवा पाय उचलला गेला आणि होता तिथेच खाली आला.

"फरशी ओली दिसतेय," ते म्हणाले.

"कोरडी आहे. पाहुण्यांना धीर यावा म्हणून दरवेळी तुम्हीही पट्टी घालून दालनात येता, सर. त्यांनी प्रत्येकी चाळीस मिनिटं घेतली. तुम्ही तीनशे बारा वेळा चाळीस मिनिटं."

दाणी डाव्या बाजूला उभे होते. किंचित वाकलेले होते. ते लक्षात येताच सरळ झाले आणि निघून गेले.

*

रविवारी सकाळी नऊ वाजता गेडाम प्रतापनगरातल्या त्या घराच्या गेटपाशी आले. ऋजुतानेच त्यांना बोलावलं होतं. फोनवर सगळं खरं सांगणं तिला जमलं नसतं.

ते आत आले, चपला काढल्या, नमस्कार म्हणण्यासाठी हात जोडले, आणि ते तसेच जोडलेले राहिले. मग ते चालायला लागले. या घरात ते आधी कधी आले नव्हते. ते खोलीच्या मध्यापर्यंत सरळ गेले, डावीकडे वळले, आणि अजून तिथेच असलेल्या स्टुलाशी थांबले. थोडे वाकले. ऋजुता दारातून बघत होती. गेडामांनी रुमाल काढला नाही, तोंड फिरवलं नाही. पन्नाशीचा तो धट्टाकट्टा माणूस उभ्या उभ्या रडला आणि मग एकदम स्टुलावर बसला.

"हेच," ते म्हणाले. "मॅडम, हेच आहे ना ते? मी तिकडे पाचव्या मजल्यावर शोधून राहिलो होतो."

ऋजुताला त्याच क्षणी सगळा हिशेब उलगडला. संदर्भनकाशा खऱ्या जागेचा होता, आणि खरी जागा एकच होती. भाड्याने घेतलेलं कोणतंही ऑफिस ती ओढ शमवू शकत नव्हतं, कारण ओढ त्या ऑफिसची नव्हतीच. तीनशे बारा माणसं चुकीच्या पत्त्यावर शोधत होती.

"कोण होतं इथे?" गेडामांनी विचारलं.

"माझे वडील."

"नाव काय त्यांचं?"

आठ महिन्यांत, ज्यांच्याकडे तिचं दुःख गेलं होतं त्यांच्यातला, हे विचारणारा तो पहिला माणूस होता. "दिगंबर पिंपळापुरे. भूमापक होते. मोजणीला गेले की हद्दीवरून भांडणाऱ्या दोन्ही भावांकडे चहा घ्यायचे, नाहीतर एकाला वाटेल मी दुसऱ्याचा."

गेडाम हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. आईने चहा आणून दिला. "तुम्ही यांच्या ऑफिसातले का?" तिने विचारलं. "ओळखीचे आहोत," गेडाम म्हणाले. त्यांनी बशीत ओतून सगळा चहा प्यायला. सोबत पोह्यांचे दोन घासही मागून घेतले.

दहाला दाणींची गाडी आली. मागे वाचनयंत्राची पेटी घेऊन फिरोज. त्याने ऋजुताकडे बघून मान खाली घातली. दाणी उंबऱ्यातच थबकले. मग चालत आले, वळले, गेडामांच्या शेजारी जाऊन उभे राहिले. खिडकीतून गेट दिसत होतं आणि स्वयंपाकघरात आईच्या बांगड्या वाजत होत्या.

"ही खोली अशीच ठेवायला हवी," दाणी शेवटी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "काही हलवू नका. कंपनी हे घर घेईल. जसंच्या तसं जपेल. तुम्हाला कळतंय ना, ऋजुता? ती जागा नाहीशी झाली तर या सगळ्यांना कुठेच—" ते थांबले. "आम्हाला," ते म्हणाले.

ऋजुताला कळलं होतं. त्यांच्या तासभर आधी कळलं होतं. आता तिला तिच्याच घरातली खुर्ची हलवता येणार नव्हती. तिने उद्या इथे दिवाण ठेवला तर तीनशे बारा अनोळखी माणसांचं काहीतरी कायमचं जाणार होतं, आणि ते त्यांना कळणारही नव्हतं.

"बाबा गेले, ते तुम्ही घेतलंत," ती म्हणाली. "आता त्यातून बाहेर यायचा हक्कही घेता? मी जन्मभर या फरशीची राखण करू, तुमची भाडी चालू राहावीत म्हणून?"

"मी भाड्याचं म्हणत नाहीये."

"माहीत आहे. म्हणून तर मी अजून तुमच्याशी बोलतेय."

आई दारात आली होती. "काहून गं, कोण काय घेऊन राहिलं?"

ऋजुताने दाणींकडे पाठ केली. "फिरोज, दालन पाहुण्याचा नकाशा संदर्भाशी जुळवतं. बरोबर?"

"बरोबर."

"म्हणजे संदर्भ बदलला तर ज्यांना ते दुःख दिलंय, त्यांना त्याच दालनात बोलावून त्यातून बाहेरही काढता येईल. चाळीस मिनिटांत. फक्त तो नवा नकाशा त्याच माणसाचा हवा, त्याच जागेचा हवा."

"आणि खरा हवा," फिरोज हळूच म्हणाला. "नाटक केलेलं पट्टीला कळतं, मॅडम. तुम्हीच शिकवलंत."

"हो. खरा हवा." ती आईकडे वळली. "आई, दिवाण आणायचा?"

आईने तिच्याकडे नीट बघितलं. "आज?"

"आज."

"बरं. पण जड आहे तो. सागवानी आहे. चौघं लागतील."

"नको," दाणी म्हणाले. ज्याचं माणूस नेत आहेत त्याच्यासारखा तो आवाज होता. "तिथे नको. प्लीज."

"का नको, सर? तिथे काय आहे?"

त्यांना सांगता आलं नाही. त्यांच्याकडे चेहरा नव्हता, आवाज नव्हता, नाव नव्हतं. हे सगळं नाही याची त्यांनी स्वतः खात्री करून घेतलेली होती.

"आधी फोन काढा," ऋजुता म्हणाली. "तीनशे बारा जणांना लिहा. त्यांना जे वाटतंय ते त्यांचं नाही, ते कुठून आलं, कुणी घातलं, सगळं. ज्यांना इथे यायचंय त्यांनी यावं. ज्यांना नुसतं मोकळं व्हायचंय त्यांनी दालन चारमध्ये यावं. आणि जागा ज्यांना सोडायची असेल त्यांना सोडता येईल."

"हे पाठवलं की अकरा शहरांतलं सगळं संपलं. कंपनीसुद्धा कदाचित."

"हो."

"मी नाही पाठवलं तर?"

"तर तुम्ही दारातून बाहेर जा. पुन्हा आत येऊ नका."

दाणींनी दाराकडे बघितलं. मग त्या रिकाम्या फरशीकडे. दारापर्यंत बारा पावलं होती आणि ती त्यांना उचलता आली नाहीत. दालन चार त्यांनीच बांधलं होतं. ते किती घट्ट धरतं, याचे आकडे त्यांच्याहून कुणाला जास्त माहीत नव्हते. त्यांनी फोन काढला आणि उभ्यानेच लिहायला घेतलं.

"त्यात बाबांचं नाव लिहू नका," ती म्हणाली. "ते विचारतील तेव्हा तुम्ही तोंडाने सांगायचं. प्रत्येकाला."

संदेश गेला. फिरोजने पेटी उघडली आणि ऋजुताच्या डोक्याला शिरपट्टी क्रमांक सात बांधली. तिने ती स्वतःच जरा घट्ट केली.

मागच्या खोलीतून दिवाण उचलायला चौघं लागलीच. पुढे ऋजुता आणि दाणी, मागे गेडाम आणि फिरोज. आई पुढून वाट दाखवत होती. "दार आहे, सांभाळा. गेडामभाऊ, तुमच्या बाजूने वर घ्या जरा. हां." त्यांनी तो पुढच्या खोलीत आणला आणि त्या कडेशी चौघंही एकदम थांबली. दिवाण जड होता. कुणी तो खालीही ठेवला नाही.

ऋजुताने गेटकडे बघितलं. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे. दोन खुणा दिसत होत्या. ती कुठे आहे ते तिला कळत होतं. तिने डावा पाय उचलला आणि आठ महिन्यांत जिथे कुणाचं पाऊल पडलं नव्हतं तिथे ठेवला. फरशी गार होती. मग दुसरा. फिरोजच्या पेटीवरची रेषा थरथरली, आणि बाकी तिघांचीही पावलं तिच्या पावलांमागोमाग पडली.

"तिरपाच ठेवू का सरळ?" गेडामांनी विचारलं.

"सरळ," आई म्हणाली. "भिंतीला लावा. तिरपा त्यांना हवा होता."

दिवाण टेकला. आईने पदराने त्यावरची धूळ झटकली आणि बसून बघितलं. "इथूनही दिसतं की," ती म्हणाली. "गेट पण, अन् गॅसवरचं दूध पण." तिने गेडामांना शेजारी बसवलं, फिरोजलाही हात धरून बसवलं. दाणींना बस कुणी म्हणालं नाही. ते उभेच होते, दोन्ही हात अजून काहीतरी धरल्यासारखे.

त्यांच्या खिशातला फोन वाजायला लागला. वाजून थांबला आणि लगेच पुन्हा वाजला.

"घ्या ना तो," आई म्हणाली. "इतक्यांदा वाजतोय म्हणजे कुणाकडे काही झालं असेल."

दाणींनी फोन कानाला लावला. पलीकडून कुणीतरी एकच प्रश्न विचारला. त्यांनी ऋजुताकडे बघितलं. तिने मान हलवली नाही, नजरही काढली नाही.

"दिगंबर पिंपळापुरे," दाणी फोनमध्ये म्हणाले. "हो. माघात गेले."